डब्यातली उलटी अक्षरं

बाबा,

उद्या सकाळी मला एका सभेत बोलायचं आहे. सभा म्हणजे फार काही नाही. आमच्या सोसायटीच्या खालच्या हॉलमध्ये पंधरा-वीस तरुण आईबाप, त्यांची किरकिरणारी पोरं आणि शेवटी चहा. विषय दिला आहे, लहान मुलांना घरच्या घरी लिहायला-वाचायला कसं लावावं. बालवाडीत तीस वर्षं पोरांची नाकं पुसली म्हणून हे माझ्या गळ्यात पडलं. दुपारपासून मी कागद पुढ्यात घेऊन मुद्दे काढते आहे. दुकानांच्या पाट्या वाचून दाखवा. अक्षर हातात देता आलं तर हातात द्या. पोराला मनासारखं गिरगटू द्या. चुकलं तर डोळे वटारू नका. एवढं लिहून झाल्यावर लक्षात आलं की यातलं एकही माझं नाही, सगळं तुमचं आहे. मग म्हटलं, सुरुवातच तुमच्यापासून करावी, तुमची ती गोष्ट सांगावी. तुम्ही स्वतः ती प्रत्येक लग्नात आणि बारशात सांगायचात, आणि माणसं हसून हसून पानाची तबकं सांडायची. पण लिहायला बसले आणि पेन अडलं. कारण ती गोष्ट अर्धीच खरी आहे, आणि तुम्ही जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली तरी उरलेली अर्धी मी तुम्हाला सांगितलेली नाही.

भांडुपची आपली चाळ आठवते. टेकडीच्या पोटाशी दहा खोल्यांची, पुढे सामाईक ओटा, ओट्यापुढे नुसतं गवत. तुम्ही घाटकोपरच्या एका छापखान्यात कंपोझिटर. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, ओळी बांधायच्या, छापून झालं की तेच खिळे सुटे करून पुन्हा आपापल्या कप्प्यात टाकायचे. लग्नपत्रिका, हळदीकुंकवाची आमंत्रणं, जत्रेची हँडबिलं. शाळेत तुम्ही गेला होतात ते गावाला, जेमतेम वर्षभर, आणि तेही मास्तरांच्या घरी पाणी भरायला. तुमची अक्षरओळख झाली ती मुंबईत, कप्प्यांत खिळे टाकता टाकता. चुकीच्या कप्प्यात खिळा पडला की फोरमन टपली मारायचा. तुम्ही म्हणायचात, ‘माका टपलेन वाचूक शिकवल्यान.’ म्हणूनच असेल, आपल्या मुलीला टपली न खाता वाचता आलं पाहिजे, आणि तेही आपल्या हातून आलं पाहिजे, असं तुम्ही मनाशी धरलं होतं. मी पाच वर्षांची झाल्यावर तुम्ही सगळ्या चाळीला सांगून टाकलंत की ही बिगरीत बसणार नाही, थेट पहिलीत बसेल. बिगरी म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, तिथे पोरं धुळाक्षरं गिरवायची आणि रडायची. आपल्या मुलीला त्याची गरज नाही, असं तुमचं म्हणणं.

मग एका रविवारी तुम्ही पत्र्याचा बिस्किटांचा डबा घेऊन येता. तो जमिनीवर ठेवताना असा आवाज होतो की आई चुलीपुढून उठून येते. आत मथळ्यांचे जाडे खिळे, बोटाएवढे, झिजलेले, वितळवायला जायचे ते मालकाला विचारून तुम्ही मागून आणलेले. आई दोन पावलं मागे सरते. शिसं विषारी असतं, हे तिनं कुठून तरी ऐकलेलं. ‘ह्या घरात आणलास कित्याक? चेडवाच्या पोटात गेला तर?’ असं ती तुम्हाला विचारते, आणि तुम्ही शांतपणे सांगता की मी वीस वर्षं ह्यातच हात घालतोय, मला काय झालं? आई तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघते. पण त्या दिवसापासून माझा अभ्यास संपला की ती मला मोरीत नेऊन राखेनं हात घासायची, कोपरापर्यंत, पातेली घासावीत तसे. आजही जेवणाआधी मी हात जरा जास्तच वेळ धुते. सून म्हणते, आई, ऑपरेशनला निघालात का?

शिकवायची तुमची पद्धत तुमचीच होती. मधे पाट, पाटावर तुमची स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची ती हातातली पट्टी. पाटाच्या एका बाजूला तुम्ही, समोर मी. तुम्ही एकेक खिळा लावणार आणि मी ओळखून तो दिसेल तसा पाटीवर उतरवणार. आता हे खिळ्याचं प्रकरण असं की त्याच्यावर अक्षर उलटं असतं. कागदावर उठलं की ते सुलट होतं. शिवाय कंपोझिटर ओळ लावतो तेव्हा अक्षरं त्याच्या बाजूनं डोक्यावर उभी असतात. म्हणजे तुम्हाला ती खाली डोकं वर पाय दिसायची, आणि समोर बसलेल्या मला नीट पायावर उभी, फक्त तोंड भलतीकडे केलेली आणि उजवीकडून डावीकडे चाललेली. तुम्हाला यात काही वावगं दिसत नव्हतं. वीस वर्षं उलटं वाचून वाचून तुमच्या डोळ्यांना उलटं आणि सुलट यातला फरकच उरला नव्हता. वर्तमानपत्र हातात कसंही आलं तरी तुम्ही वाचायला लागायचात. समोरच्या माणसानं हातात धरलेलं पत्र तुम्ही त्याच्याआधी वाचून मोकळे व्हायचात, त्यावरून चाळीत दोनदा भांडणं झाली होती.

पलीकडच्या खोलीत मशीनकाका राहायचे. तेही तुमच्याच छापखान्यात, छपाईच्या यंत्रावर. तुमचा आणि त्यांचा छत्तीसचा आकडा. जुळवणारा म्हणतो मी आहे म्हणून छपाई आहे, छापणारा म्हणतो मी नसतो तर तुझे खिळे चाटत बस. छत्तीस हा आकडा फिरवून लिहिला तरी छत्तीसच राहतो, हे मला त्याच वयात कळलं होतं आणि तुम्हा दोघांकडे बघून पटलंही होतं. एका रविवारी काका ओट्यावरून डोकावले, माझी पाटी बघितली आणि कपाळाला हात लावला.

‘अरे, पोरीला एकदा शाई लावून कागदावर उठवून तरी दाखव ना. हा काय उलटा कारभार लावलायस?’

‘छापूचा काम तुझा,’ तुम्ही मान वर न करता म्हणालात. ‘ह्या जुळवूचा काम असा. तुझी शाई तुझ्याकडे ठेव.’

‘वाट लावशील तिची.’

‘माझा चेडू पहिलीत बसला की पेढे देतंय तुका. तेव्हा ये.’

काका गेले आणि तुम्ही पुढचा खिळा लावलात. त्या दिवशी थोडी शाई घरात आली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मशीनवाल्याची शाई कंपोझिटरच्या पाटावर, हे तुमच्या मानात बसणारं नव्हतं.

आणि बाबा, तुम्ही शिकवायचात मात्र फार छान. इतक्या वर्षांत मी कितीतरी बाई-मास्तर पाहिले, तुमच्यासारखा धीर कुणाकडे पाहिला नाही. चुकलं की तुम्ही नुसता खिळा माझ्या तळहातावर ठेवायचात आणि मूठ मिटायला सांगायचात. ‘डोळे मीट. बोटान बघ त्येका.’ मी अंगठ्यानं अक्षराचं पोट चाचपायची, कान चाचपायची, आणि ते ओळखू यायचं. डब्यात सगळी अक्षरं पुरेशी नव्हती. झिजतात ती अक्षरं जास्त लागणारी, आणि तुमच्या छापखान्यात जास्त लागायच्या लग्नपत्रिका. त्यामुळे कमळ नाही, गवत नाही, ‘आई ये’ नाही, मी आयुष्यातलं पहिलं अख्खं वाक्य शिकले ते ‘अगत्य येण्याचे करावे’. पाटीवर ते मी दिवसातून दहादा लिहायची. कोणी दारात आलं की लिहून दाखवायची. आईलाच काय, दारात येणाऱ्या बायकांनाही वाचता येत नव्हतं, पण आई माझ्या पाटीकडे बघून मान डोलवायची आणि आल्यागेल्याला सांगायची, ‘बापाशीन शिकवल्यान.’

याच दिवसांत एकदा मी साखरेच्या पुडीचा कागद सरळ करून बसले होते. वर्तमानपत्राचा तुकडा. त्यावरची अक्षरं ओळखीची वाटत होती, पण सगळी तोंड फिरवून बसलेली, एकूणएक, जणू माझ्यावर रुसली आहेत. मी आईला विचारलं, हे असं का? आईनं भाकरी थापता थापता कागदाकडे नजर टाकली. आपण घरात मालवणी बोलायचो आणि बाहेर दुसरं बोलायचो, तिनं तोच न्याय अक्षरांना लावला. ‘भायला तसाच असता गो. घरातला येगळा, भायला येगळा.’ मला ते लगेच पटलं. बाहेरचं ते बाहेरच्यांचं, म्हणून मी कागद टाकून दिला आणि तो नाद सोडला.

मग जून येतो. तुम्ही त्या दिवशी खाडा करता, जे तुम्ही तापातही करत नसायचात. धुतलेला लेंगा, कोट, हातात टोपी. मला तेल चोपडून दोन वेण्या, आणि आईनं हात इतके घासलेले की लाल. शाळा चढावर. आत एक वयस्क बाई, नऊवारी, चष्मा, टेबलावर रजिस्टर. तुम्ही तिच्यासमोर उभे राहून तुमचं बाहेरचं मराठी काढता. ‘बाई, मुलगी तयार आहे. मी स्वतः शिकवलेली आहे. बिगरीची जरुरी नाही.’ हे वाक्य तुम्ही आदल्या दिवशी ओट्यावर फेऱ्या मारत पाठ केलं होतं, मी ऐकलं होतं. तुमच्या मागे दहा-बारा पालक आपापली पोरं धरून उभे होते, आणि त्यांच्यात मशीनकाका, त्यांच्या धाकट्याला घेऊन. बाईंनी माझ्यापुढे पाटी सरकवली. ‘लिही बघू बाळ, बाबांनी शिकवलंय ते.’

मी लिहिलं. उजवीकडून सुरुवात करून, एकेक अक्षर तोंड फिरवून, वर शिरोरेघ ओढून, अगत्य येण्याचे करावे. काना, मात्रा, एकही चूक नाही. बाईंनी पाटी बघितली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितली. मग हळूच, दुखवायचं नाही अशा आवाजात त्या तुम्हाला म्हणाल्या, ‘अहो, मुलीला नीट दिसतं ना? डोक्याला वगैरे काही लागलं होतं का लहानपणी?’ आणि त्यांनी पाटी तुमच्याकडे फिरवून धरली. तुम्ही पाटी घेतलीत. आणि बाबा, तुम्ही ती उलटी केलीत, खालची बाजू वर. मग घसा साफ करून, डावीकडून उजवीकडे बोट फिरवत मोठ्यांदा वाचलंत, ‘अगत्य येण्याचे करावे.’ आणि पाटी टेबलावर ठेवून बाईंना म्हणालात, ‘बरोबर लिवल्यान मगे. काय चुकला?’

पहिल्यांदा मशीनकाका हसले. मग सगळे. पोरंसुद्धा, काही न कळता. बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. ‘तुम्ही कामाला कुठे?’ असं त्यांनी विचारलं, तुम्ही ‘छापखान्यात’ म्हणालात, आणि त्या शब्दाबरोबर तुम्हाला स्वतःलाच कळलं. तुमच्या चेहऱ्यावरून ते उतरत गेलेलं मला दिसलं. आधी कान लाल झाले, मग तुम्ही टोपी डोक्यावर घातलीत, मग काढलीत. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण हात वळायला वेळ लागेल, बिगरीत बसवते. तुम्ही मान हलवलीत. उतारावरून घरी येताना तुम्ही माझं बोट धरलं होतं. आई दारात गुळाचा खडा घेऊन उभी होती. तुम्ही तिला एवढंच म्हणालात, ‘वाट लावलंय मी तिची.’ आणि डबा उचलून दाराबाहेर नेऊन ठेवलात.

संध्याकाळी मशीनकाका आले. मला वाटलं आता हे टोमणे मारणार. पण त्यांनी खिशातून शाईचं फडकं आणि कोरे कागद काढले, तुमच्या डब्यातले खिळे काढून तुमच्याच स्टिकमध्ये लावले (दोन ठिकाणी चुकून, आणि तुम्ही न राहवून ते दुरुस्त केलेत), शाई लावली आणि कागदावर उठवलं. ‘बघ पोरी. हे असं होतं मग.’ कागदावर सुलट, सरळ, ‘अगत्य येण्याचे करावे.’ मी डोळे मोठे केले, तोंडावर हात ठेवला, ‘अय्या’ म्हटलं. तुम्ही दोघं एकाच पायरीवर बसून माझ्याकडे बघत होतात. तुम्हा दोघांना एका पायरीवर बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढची गोष्ट तुम्ही सांगायचात तशीच. दोन दिवसांत माझा हात वळला. बाई थक्क झाल्या, नाकावर बोट ठेवून म्हणाल्या की तीस वर्षांत असं पोर पाहिलं नाही, आणि आठवड्याभरात त्यांनी मला उचलून पहिलीत बसवलं. काकांना पेढे मिळाले. कालांतरानं तुमचा राग निवळला आणि गोष्ट तयार झाली. तुम्ही ती फार रंगवून सांगायचात. पाटी उलटी करून वाचण्याचा अभिनय तर असा की एका लग्नात नवरदेव मुंडावळ्यांसकट हसताना मी पाहिला आहे. शेवट ठरलेला असायचा: ‘बाईन दोन दिसात शिकवल्यान ता माका वर्षभरात जमला नाय.’ आणि सगळे हसायचे, तुम्हीही हसायचात, आणि मी हसायची.

आता उरलेली अर्धी. वर मी लिहिलं की पुडीचा कागद टाकून दिला आणि तो नाद सोडला. ते खोटं आहे. मी नाद सोडला नव्हता. साखरेची पुडी, डाळीची पुडी, सुक्या मासळीची वास मारणारी पुडी, मी सगळे कागद चुलीमागे जमवून ठेवले होते आणि आई पाण्याला गेली की वाचायची. तोंड फिरवलेली असली तरी अक्षरं तुमचीच होती, बोटांना पाठ होती, त्यामुळे मला ती ओळखायला आठ दिवससुद्धा लागले नाहीत. पाटीवर लिहून बघायची आणि पुसून टाकायची. जूनपर्यंत मला बाहेरचं तुमच्याइतकंच सरळ लिहिता-वाचता येत होतं बाबा. बाईंनी दोन दिवसांत मला काहीही शिकवलं नाही. मला आधीच येत होतं.

मग मी उलटं का लिहिलं? बाई म्हणाल्या, बाबांनी शिकवलंय ते लिही. सरळ मला पुडीनं शिकवलं होतं. तुम्ही शिकवलं होतं ते उलटं. तुम्ही तिथे टोपी हातात धरून उभे होतात, वाक्य पाठ करून आलेले, आणि मला वाटलं, सरळ लिहिलं तर बाई म्हणतील यात बाबांचं काय? तुमचं नाव व्हावं म्हणून मी तुमचं लिहिलं, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. आणि तुमचं हसं झालं.

मला लगेच सांगता आलं असतं. पण काकांनी शाई लावून दाखवली तेव्हा ‘अय्या’ करून मी दुसरं खोटं बोलून बसले होते. मग पहिलीत गेल्यावर सांगायला उशीर झाला होता, आणि गोष्ट तयार झाल्यावर ती मोडायची लाज वाटली. आणि यात एक फार वाईट गोष्ट घडली, ती तुमच्या गोष्टीत कधी आली नाही. चार वर्षांनी माझी धाकटी बहीण अक्षरं ओळखायच्या वयाची झाली. आई म्हणाली, तिलाही बसवा पाटाशी. तुम्ही हात झटकलेत. ‘नको गो. शाळाच बरी. माझो हात लागूक नको.’ डब्यातले खिळे तोवर छापखान्यात परत जाऊन वितळले होते. धाकटी बिगरीत वर्षभर रडली, टपल्या खाऊन शिकली, आणि पुस्तक बघितलं की तिचं पोट दुखायचं ते दहावीपर्यंत. मी नऊ वर्षांची होते, तुमच्यासमोर भात कालवत बसले होते, मला सगळं कळत होतं. तुम्ही चांगलं शिकवता, एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं, लोणचं वाढ.

पुढे बालवाडीत एखादं पोर उलटं अक्षर काढायचं, आणि लहान पोरं काढतातच, तेव्हा मी त्याच्या आईबापांना कधी बोल लावला नाही. आधी अक्षराचं कौतुक करायची आणि मग हळूच विचारायची, घरी कोण शिकवतं? लोकांना वाटायचं, बाईंना फार अनुभव आहे.

उद्या मी ती गोष्ट सांगणार आहे, आणि या खेपेस पुरी सांगणार आहे. पाटी उलटी करून वाचल्यावर लोक हसतील, हसू देत, ते तुम्ही कमावलेलं आहे. पण शेवट मी बदलणार आहे. धाकटीलाही बोलावलं आहे. ती म्हणाली, ‘तू बोलणार? मग मी चहाच्या वेळेला येते.’ तिला मी सांगितलं नाही की गोष्ट पुरी सांगायचं कारण तीच आहे.

हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही, त्यामुळे पोस्टमनची अडचण होणार नाही आणि शेवटची ओळ मला हवी तशी लिहिता येईल. सभा दहाला आहे. त्याच्या खाली मी आत्ता, कागदाच्या उजव्या कडेपासून सुरुवात करून, एकेक अक्षर तोंड फिरवून लिहिलं आहे, अगत्य येण्याचे करावे. तुमच्या बाजूनं बरोबर दिसेल. साठ-सत्तर वर्षांनी लिहिलं, पण एकाही अक्षराला अडखळले नाही.